वेलाकडे दाखवलेलं बोट

माझ्या धाकट्या जावेला मी गेल्या उन्हाळ्यात चारचौघींत एक गोष्ट बोलले. ती खरी नव्हती हे मला महिन्याभरात कळलं. तिला ते सांगायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. मधल्या वर्षात मी रोज परसात पाणी घातलं, रोज भिंतीपलीकडे तिच्या भांड्यांचा आवाज ऐकला आणि रोज गप्प राहिले. मला मुळातच फार बोलता येत नाही, असं मी स्वतःला समजावत होते. पण जे बोलायला नको होतं ते बरं बोलता आलं.

आमचं घर कामशेतहून आत, धरणाच्या रस्त्याला आहे. एकाच आवारात दोन भावांची दोन घरं, मध्ये कमरेएवढी विटांची भिंत. घरामागच्या जागेला आम्ही परस म्हणतो. माझी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिने त्याला बाग म्हटलं आणि मला ते फार आवडलं. ती लोणावळ्याची. वडील रेल्वेत, त्यामुळे लहानपण क्वार्टरमध्ये गेलेलं. तिने रोपं पाहिली होती ती तेलाच्या डब्यातली, खिडकीत ठेवलेली. मातीत वेल सोडायचा असतो, तो आपल्या मनाने कुठेही जातो, हे तिला नवीन होतं. पहिल्या वर्षी ती फाटकातून वळसा घालून यायची. मग एक दिवस साडी सावरून भिंतीवरून पाय टाकून आली, आणि त्यानंतर ती कधी फाटकातून आली नाही.

भिंतीचा वरचा थर तिच्या येण्याजाण्याने एका जागी गुळगुळीत झाला होता. ती जागा अजून तशीच आहे.

परस म्हणजे फार मोठं काही नाही. मोरीचं पाणी जातं तिथे अळू आणि पुदिना. त्याच्या पुढे वांगी, मिरची, गवार, भेंडी यांचे चार वाफे. भिंतीच्या कडेने जास्वंद, अबोली आणि मोगऱ्याची दोन झाडं. पावसाळ्यात काय, कोणाचंही परस हिरवं असतं. खरं काम उन्हाळ्याचं. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही तासभर. फाल्गुन लागला की मी प्रत्येक झाडाच्या बुडाशी भाताचा पेंढा पसरते, म्हणजे ओल उडत नाही. फुटक्या मडक्याला खाली भोक पाडून त्यात चिंधीची वात घालते आणि ते मडकं वांग्याजवळ पुरते. मिरचीवर जुनी साडी बांधून सावली करते. भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, काही म्हणजे काही वाया घालवत नाही.

माझ्या जावेचं घर उताराला आहे. तिच्या नळाला पाणी जोरात येतं, माझ्या नळाला करंगळीएवढी धार. म्हणून पाण्याच्या दिवशी ती आपलं भरून झालं की पाइप भिंतीवरून माझ्या पिंपात सोडायची आणि मागोमाग स्वतः यायची. मी माती हलवायची, तिने पाणी द्यायचं. ती बोलायची, मी ऐकायचे. लोणावळ्याच्या गोष्टी सांगायची. तिच्याशी असताना मलाही थोडं बोलता यायचं. घरात मी आणि माझे मालक दोघंच. ते पहाटे कारखान्याच्या गाडीने जातात आणि आले की झोपतात. मुलगी लग्न होऊन गेली. दिवसभरात माझ्याशी मनापासून बोलणारी ती एकटीच होती.

तिच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तळेगावला दवाखाना झाला, पुण्याला झाला. ती त्याबद्दल बोलायची नाही आणि मी विचारायचे नाही. आमच्यात ते ठरल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि मी डांगराचं, म्हणजे तांबड्या भोपळ्याचं, बी लावलं. दोनच आळी केली. शेण, राख आणि पालापाचोळा घातला. दोन्ही वेल असे चढले की शिमग्यापर्यंत गोठ्याचा पत्रा झाकून गेला. आमची म्हैस विकून तीन वर्षं झाली होती, गोठा रिकामा होता, त्याच्यावर ते हिरवं पांघरूण बघून मला बरं वाटायचं. पाण्याच्या ओढीमुळे त्या वर्षी आळीतल्या दुसऱ्या कोणीच डांगर लावलं नव्हतं.

मग फुलं यायला लागली. ओंजळीएवढी पिवळीधमक फुलं. ज्यांनी डांगर लावलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एका फुलाच्या मागे सुपारीएवढं गोल डांगर आधीपासूनच असतं. दुसरी फुलं लांब बारीक दांडीवर येतात, त्यांच्या मागे काही नसतं. माझी आई या दांडीच्या फुलांना वांझ फुलं म्हणायची. ती सकाळी परडी भरून ती फुलं खुडायची. काही देवाला, बाकीची डाळीच्या पिठात बुडवून भजी. तिचं बघून मीही तेच शिकले. उजाडता उजाडता ती फुलं उमलतात, दुपारपर्यंत मिटून जातात, म्हणून मी तांबडं फुटायला परडी घेऊन शिडीवर चढायचे आणि एकूण एक दांडीचं फूल खुडून आणायचे. उन्हाळ्यात देवाला दुसरं फूल कुठे असतं इतकं मोठं? देवघर पिवळं होऊन जायचं. मालकांना कारखान्यातून आल्यावर भजी लागायची.

एकदा माझ्या जावेने विचारलं, ही सगळी कशाला तोडता, छान दिसतात की वेलावर. मी म्हटलं, वांझ फुलं ती, नुसतं पाणी पितात, काही उपयोग नाही. तिने पाइप दुसऱ्या आळ्यात नेला. मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मला ते वाटायला पुष्कळ दिवस लागले.

डांगरं धरायची आणि झडायची. सुपारीएवढं होतं ते लिंबाएवढं व्हायचं, मग टोकाकडून पिवळं पडायचं, मऊ व्हायचं, आणि एका सकाळी खाली पडलेलं सापडायचं. एक गेलं, दोन गेली, चार गेली. मी आळ्यात आणखी शेण घातलं. पानांवर राख उधळली. पाणी जास्त होतंय की काय म्हणून कमी केलं, मग कमी पडतंय की काय म्हणून जास्त केलं. रोज सकाळी आधी देवाची फुलं खुडायची, मग झडलेली डांगरं गोळा करायची. दोन्ही एकाच परडीत.

आमच्याकडे एक रीत आहे. कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायचं नाही. काकडी असो, दुधी असो, डांगर असो, बोट दाखवलं की फळ कुजतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून पेराने दाखवायचं. आम्ही लहानपणापासून तसंच दाखवतो, हात आपोआप मिटतो. माझ्या जावेला ही रीत माहीत नव्हती. पहिल्या वर्षी तिने काकडीकडे सरळ बोट दाखवलं तेव्हा मी हसून तिचं बोट धरून मुडपलं होतं. तीही हसली होती. पण सवय कुठे जाते. तिला आनंद झाला की बोट सरळ व्हायचं.

आणि त्या वर्षी प्रत्येक नवीन डांगर आधी तिलाच दिसायचं. तिचे डोळे तरुण. पाइप हातात धरून ती वर बघायची आणि म्हणायची, ताई, ते बघा, अजून एक. बोट सरळ वर. चार दिवसांनी ते डांगर खाली.

मी मनात मोजायला लागले. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण मोजत होते.

चैत्र संपता संपता आमच्या अंगणात कुरडया घातल्या. आमच्या आळीत एकेकीच्या घरी मिळून कुरडया होतात. त्या दिवशी सहा-सातजणी होतो. पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला, ऊन चढायच्या आत खाटांवर कागद पसरून कुरडया घालायच्या होत्या. माझी जाऊ सोऱ्या फिरवत होती, तिच्या हाताला जोर होता. शेजारची मावशी, जिचा शब्द आमच्या आळीत शेवटचा असतो, ती चिकाचे गोळे करून देत होती. मी नेहमीसारखी कडेला बसून कुरडया सरळ करत होते.

मावशीने गोठ्याकडे बघितलं. “वेल तर लय माजलाय तुझा. डांगरं कुटं हायेत?”

माझ्या जावेने सोऱ्या खाली ठेवला. आदल्या दिवशीच तिला एक नवीन दिसलं होतं. “ते काय मावशी, पत्र्याच्या कोपऱ्याला. छान धरलंय,” ती म्हणाली आणि चिकाने भरलेलं बोट सरळ तिकडे केलं.

तेव्हा मी बोलले. मोठ्याने बोलले.

“बोट खाली कर गं. तू दाखवलंस की फळ धरत न्हाई. तुझ्या बोटाला फळच मानवत न्हाई.”

एकजण हसली. बाकीच्यांनी खाली बघत माना डोलावल्या. मावशी म्हणाली, “तिचं काय चुकलं न्हाई बाई. ज्याचं त्याला कळत न्हाई.” माझ्याबद्दल म्हणाली ते, माझ्या बाजूने. आणि मला खोटं लिहायचं नाही, मला त्या क्षणी बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या बायकांनी माझं बोलणं ऐकून माना डोलावल्या ते पहिल्यांदाच.

माझ्या जावेने बोट खाली घेतलं. पदराला पुसलं. मग म्हणाली, “चीक गार होतोय,” आणि सोऱ्या उचलला. शेवटच्या गोळ्यापर्यंत तिने कुरडया घातल्या. खाटांवर तिच्या हातच्या कुरडया अगदी गोल होत्या. काम झाल्यावर सगळ्याजणी चीक आणि गूळ खात बसल्या, ती म्हणाली पाणी यायचंय, आणि फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून आपल्या घरी गेली.

त्यानंतर ती भिंतीवरून आली नाही.

पाइप मात्र यायचा. पाण्याच्या दिवशी पलीकडून हात दिसायचा, पाइप माझ्या पिंपात पडायचा, पिंप भरलं की पाइप मागे जायचा. पूर्वी बरोबर बोलणं असायचं, आता नुसतं पाणी. मी पिंपाजवळ उभी राहायचे. आज म्हणू, उद्या म्हणू. काय म्हणायचं तेही ठरत नव्हतं, कारण मला अजून आपलं चुकलं असं वाटत नव्हतं. फक्त इतक्या जणींत बोलायला नको होतं, एवढंच वाटायचं.

आठवड्याने सोमाटण्याला नात्यातलं लग्न होतं. मी दोन दिवस तिकडे राहिले. मालकांना पाणी घालायला सांगून काही उपयोग नव्हता. मी जावेला काही सांगितलं नाही, कोणत्या तोंडाने सांगणार. परत आले तर वेलांची दोन्ही आळी ओली होती. पेंढा नीट सारखा केलेला होता. तिने भिंतीपलीकडे उभं राहून पाइपाने पाणी मारलं असेल, असं मी धरलं. पण पेंढा पाइपाने सारखा होत नाही. वेलावर दोन दिवसांची फुलं मिटून, सुकून लोंबत होती. मला हळहळ वाटली, दोन दिवस देव बिनफुलाचा राहिला.

आणि मग दोन डांगरं धरली. लिंबाएवढी झाली, पेरूएवढी झाली, नारळाएवढी झाली. टोकाला पिवळी पडली नाहीत. मी रोज शिडीवर चढून हात लावून बघायचे. टणक होती.

मी काय म्हटलं असेल? मावशी एक दिवस अळू न्यायला आली तेव्हा मीच तिला वर दाखवलं, बोट मुडपून. म्हटलं, बघा, आता कशी धरली. ती नजर हटली आणि धरली. मावशी म्हणाली, “व्हय की.” भिंतीपलीकडे धुणं आपटायचा आवाज चालू होता, तो मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तो आवाज मी ऐकला होता. तरी मी बोलले.

वैशाखात माझा भाऊ आला. तो वडिवळ्याला असतो, धरणाच्या पाण्यावर भातानंतर काकडी करतो आणि बाजाराला नेतो. सकाळी लवकर आला, कैऱ्यांची पिशवी घेऊन. मी शिडीवर होते. तो खाली उभा राहून बघत राहिला, मग परडीत डोकावला.

“ही सगळी फुलं रोज खुडतीस?”

म्हटलं, रोज. वांझ फुलं ती. आई नाही का खुडायची.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “अगं येडे, आईचे चाळीस वेल होते बांधाला, त्यातली परडीभर खुडली तर काय फरक पडतोय. तुझे दोन वेल. हे नवरदेव हायेत, नवरदेव. तू सकाळच्या पारी समदे नवरदेव देवाला वाहतीस आन् नवऱ्या बसल्यात मंडपात वाट बघत. डांगरं धरायची कशी?”

मी म्हटलं, “हळू बोल.”

त्याला वाटलं मी लाजले. त्याने परडीतलं एक फूल उचललं, पाकळ्या काढून टाकल्या, मधल्या दांड्याची पिवळी धूळ माझ्या बोटाला लावली. ही धूळ माश्या या फुलातून त्या फुलात नेतात, मग फळ धरतं. काकडीला सकाळी माश्या दिसल्या नाहीत तर तो स्वतः फुलाने फूल पुसतो. मग तो शिडीवर चढला आणि त्या दोन डांगरांवर टिचकी मारली. म्हणाला, ही दोन बरी धरली, त्या दिवशी खुडायची विसरलीस वाटतं.

मी विसरले नव्हते. मी सोमाटण्याला होते.

दिवसभर मी भावाला जेवायला वाढलं, कैऱ्या चिरल्या, त्याला रस्त्यापर्यंत सोडून आले. बोटाची पिवळी धूळ धुतली तरी नखात राहिली होती. जी डांगरं झडली ती सगळी माझ्या हाताने झडली. जी दोन धरली ती मी नसताना, तिच्या पाण्यावर धरली. आणि मी त्या दोन डांगरांचा पुरावा करून तिलाच दोष दिला होता, तोही तिला ऐकू जाईल असा.

शहाणी बाई त्याच संध्याकाळी भिंत ओलांडून गेली असती. मी गेले नाही. आधी वाटलं, उद्या पाण्याचा दिवस आहे, पाइप येईल तेव्हा बोलू. पाइप आला. मी म्हटलं, “अगं,” आणि ती पलीकडून म्हणाली, “काय ताई?” मी म्हटलं, “पिंप भरत आलं.” एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी फुलं खुडायची बंद केली. मालकांनी भजी विचारली तर सांगितलं फुलं येत नाहीत. पण तोवर वेल दमला होता, पुढे काही धरलं नाही.

ज्येष्ठात ती दोन डांगरं उतरवली. आमच्याकडे अखंड डांगराला बाई पहिली सुरी लावत नाही. एक मालकांनी कापलं. दुसरं, मोठं होतं ते, मी तिच्या बाजूला भिंतीवर ठेवलं, बरोबर त्या गुळगुळीत जागेवर. ती धुणं वाळत घालत होती. मी म्हटलं, हे तुमच्यासाठी. तिने बघितलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी दिराच्या हाती ताटलीत घारगे आले. त्यांनी सांगितलं, तुमच्या डांगराचे केलेत. माझं डांगर नव्हतं ते. मी ताटली घेतली आणि दिरांना चहा विचारला. घारगे उत्तम झाले होते. मालकांनी सगळे खाल्ले, मला एकही गिळवला नाही.

मग पावसाळा, भातलावणी, गौरी-गणपती, दिवाळी. सणाला ती यायची, फाटकातून. पाया पडायची. कमी काही करायची नाही. उलट त्यामुळेच मला जास्त लागायचं. भांडली असती तर भांडण मिटवता आलं असतं.

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागदाची पुडी दिसली, वर दगड ठेवलेला. उघडली तर डांगराच्या बिया. धुऊन, राख लावून, वाळवून ठेवलेल्या. त्याच डांगराच्या. मला वाटलं ती विसरली. मला फार हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात मी पुन्हा काही बोलले नाही. आता काय बोलायचं, ती विसरलीच आहे, असं म्हणून मी बी लावलं.

वेल चढले. फुलं आली. मी एकही खुडलं नाही. सकाळी शिडीवर बसून बघायचे, माश्या त्या पिवळ्या फुलांत अंग घोळून बाहेर यायच्या. पाच डांगरं धरली. देवाला सदाफुली वाहिली, देवाने काही म्हटलं नाही. पण त्या पाच डांगरांकडे बघताना मला बरं वाटायचं नाही. भिंतीपलीकडून तीही बघत असणार. यंदा धरलेली बघत असणार. मग मला कळलं की फुलं न खुडता मी जे गप्प बसून करतेय, ते तिला रोज दिसतंय. मला माझी चूक कळली आहे हे त्या वेलावर उघड लोंबत होतं, आणि तोंडातून मात्र निघत नव्हतं.

या चैत्रात कुरडया मावशीच्या अंगणात होत्या. मी घरून ठरवून गेले. जिथे बोलले त्या बायकांतच बोलायचं. माझी जाऊ सोऱ्यावर होती. मी तिच्या समोर बसले, कडेला नाही. दोन गोळे झाले, चार झाले. 

मी म्हटलं, “गेल्या वर्षी माझी डांगरं झडली ना, ती माझ्याच हातानं.”

कोणी ऐकलंच नाही. दोघी आपापसात बोलत होत्या. मावशी म्हणाली, “काय म्हणतीस? मोठ्यानं बोल की जरा.”

मला ते सगळं पुन्हा, मोठ्याने बोलावं लागलं. फुलं मी खुडत होते. त्यामुळे धरत नव्हती. ते नवरदेव असतात, भावाने सांगितलं. हिच्या बोटाचं काही नव्हतं. मी हिला उगाच बोलले. मी सोऱ्याच्या दांड्याकडे बघून बोलत होते, तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

बायका हसल्या. एकजण म्हणाली, म्हणजे महिनाभर देवाला नवरदेवच वाहिलेस की गं. मावशी म्हणाली, “आसू दे, त्यात काय यवढं, डांगारच ते. कोण ध्यानात ठेवतंय.” खरंच कोणाच्या ध्यानात नव्हतं. ज्यांच्या माना डोलल्या म्हणून मला बरं वाटलं होतं, त्यांना माझं ते बोलणं आठवतही नव्हतं. माझी जाऊ हसली नाही. ती कुरडई घालत होती. ती कुरडई गोल आली नाही, मध्येच तुटली, तिने ती बोटाने जुळवली.

परत येताना आम्ही दोघी बरोबर निघालो. रस्त्यात कोणी नव्हतं. फाटकाजवळ आल्यावर ती म्हणाली, “मला माहीत होतं, ताई.”

मी विचारलं, कधीपासून?

“भाऊ आले होते त्या दिवशी. मी भिंतीपलीकडे भांडी घासत होते. त्यांचा आवाज मोठा आहे.” तिने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. “तुम्ही त्यांना हळू बोल म्हणालात, तेही ऐकलं.”

मग तिने आपल्या फाटकाची कडी काढली आणि आत गेली.

म्हणजे ती विसरली नव्हती. बिया धुऊन ठेवताना, पुडी बांधताना, वर दगड ठेवताना तिला सगळं माहीत होतं. पाइप सोडताना माहीत होतं. मी “पिंप भरत आलं” म्हणाले तेव्हाही ती पलीकडे वाट बघत उभी होती. ते वर्ष मी तिच्यापासून लपवत होते असं मला वाटत होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर मी रोज थोडी थोडी लहान होत होते.

काल पाण्याचा दिवस होता. मी तिला हाक मारली. म्हटलं, बियाला एक डांगर ठेवायचंय, तू सांग कोणतं, बी तुझं आहे. ती आली. भिंतीवरून नाही, फाटकातून आली, पण आली. गोठ्यापाशी उभी राहिली, कपाळावर हात धरून वर बघत. पाचही डांगरं आता चांगली मोठी झाली आहेत, एकावर पांढरट पट्टे आलेत. तेच तिने निवडलं. मला वाटलंच होतं ते निवडेल.

तिने हात वर केला आणि बोट मुडपून, पेराने दाखवलं.

मी म्हटलं, “सरळ दाखव गं. काही होत न्हाई.”

“राहू दे, ताई,” ती म्हणाली. “आता सवय झाली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पाइप पिंपात सोडला, पिंप भरेपर्यंत माझ्याबरोबर थांबली. मिरचीवरची साडी फाटली आहे, दुसरी देते म्हणाली. मी त्या डांगराच्या देठाला पांढरा दोरा बांधून ठेवला आहे, चुकून कोणी कापू नये म्हणून. सकाळी शिडीवर चढले की आधी तो दोरा दिसतो.